तीन उभी मिनिटं

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी चार नंबरची बस जुन्या शहराच्या मोठ्या दरवाजात अडकलेली होती, आणि मिनिटसाहेब तिच्या पायरीवर उभे राहून, एका हाताने दांडी आवळून, समोरच्या चौकातून निघून चाललेल्या अकरा नंबरच्या बसकडे बघत होते. मागच्या काचेला कोपऱ्यात तडा, खाली रंग उडालेली पट्टी, पट्टीखाली चिखल. आठ दिवसांत त्यांना दोन-चाळीसच्या अकरा नंबरचं तोंड एकदाही दिसलं नव्हतं. रोज पाठच.

"अहो, हॉर्न द्या! त्याला कळू दे आपण आलोय ते!" त्यांनी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं.

"काका, दरवाजात हॉर्नला बंदी आहे. पाटी वाचा."

पाटी कुणाच्या सहीने लागली होती हे मिनिटसाहेबांना चांगलं ठाऊक होतं. दरवाजाची कमान कुणा राजाने एका वेळी एक घोडागाडी जावी अशा बेताने बांधलेली. आत जाणारी गाडी असेल तर बाहेर येणारीने थांबायचं, आणि दोन्ही थांबल्या असतील तर मधोमध उभं राहून पाहुण्यांनी एकमेकांचे फोटो काढायचे. आजही एक बाई कमानीच्या दगडाला गाल लावून उभी होती आणि तिचा नवरा फोटोसाठी मागे मागे सरकत बसच्या बंपरपर्यंत आला होता. त्याला कुणीच काही म्हणत नव्हतं. इतिहास आहे ना! या शहरात दगडाला सगळे जपतात, माणूस गेला उडत.

बस दरवाजातून सुटल्याबरोबर मिनिटसाहेबांनी उडी टाकली आणि एकसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यासकट, फरशीच्या चौकातून पळत सुटले. पळणारे ते एकटेच. बाकीचे उतारू सावकाश उतरले, दरवाजाच्या बाजूच्या दगडी चौथऱ्यावर आपापल्या ठरलेल्या जागी बसले, कुणी वर्तमानपत्र उघडलं, कुणी पिशवीतून शेंगा काढून सोलायला घेतल्या. अकरा नंबर पुलाच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मिनिटसाहेब धापा टाकत परत आले.

"रोज कशाला पळता हो?" चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई चौथऱ्यावर सरकून जागा देत म्हणाली. "ती मिळत नसते. मी बारा वर्षं येते, मला एकदाही मिळालेली नाही."

"कागदावर आहे ना ती! दोन अडतीसला आपण पोचतो, दोन चाळीसला ती निघते. दोन मिनिटं आहेत मध्ये."

"कागदावर असेल. ज्या कुणी महाभागाने तो कागद लिहिलाय ना, त्याला एकदा या दरवाजात कोंबायला पाहिजे आणि वरून फोटो काढायला पाहिजेत."

मिनिटसाहेबांनी स्वेटरच्या बाहीने घाम पुसला आणि ते दुसरीकडे बघायला लागले. तो कागद त्यांनीच लिहिलेला होता.

शहर वाहतुकीच्या वेळापत्रक खात्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. मिनिटसाहेब हे नाव ड्रायव्हरांनी ठेवलेलं, आणि प्रेमाने ठेवलेलं नव्हे. त्यांच्या टेबलावर दोनच रकाने असत. एक चालत्या मिनिटांचा, म्हणजे बस धावते ती. दुसरा उभ्या मिनिटांचा, म्हणजे बस नुसती थांबून राहते ती. उभ्या मिनिटांवर त्यांचा असा राग होता जसा एखाद्याचा ढेकणांवर असतो. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर पाणी पितो? दीड मिनिट पुरे. म्हातारी माणसं चढायला वेळ लावतात? त्यांनी दांडी आधीच धरून ठेवावी. अशा नजरेने त्यांनी सगळ्या शहराचे मार्ग विंचरून काढले होते.

त्यांची सगळ्यात मोठी शिकार म्हणजे मोठ्या दरवाजाची तीन मिनिटं. चार नंबरला दरवाजात खोळंबायला म्हणून जुन्या लोकांनी तीन उभी मिनिटं ठेवली होती. मिनिटसाहेब चोवीस वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी, पहाटे सहाला, स्वतः स्टॉपवॉच घेऊन बसमध्ये बसले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बस पस्तीस सेकंदांत दरवाजातून पार झाली. त्यांनी तीन मिनिटं कापली, दिवसभराच्या फेऱ्यांत मिळून एक अख्खी बस वाचवली आणि खात्याकडून प्रशस्तिपत्रक मिळवलं. ते चौकटीत घालून अजून त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर लटकतंय. त्यानंतर ते चार नंबरमध्ये कधी बसले नाहीत. ऑफिस घराच्या मागच्या गल्लीत, सात मिनिटांवर. जायचे चालत, यायचे चालत. बसची गरज कधी पडलीच नाही.

ती पडली बायकोच्या खुब्याच्या हाडामुळे. बाथरूममध्ये पाय घसरला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग तिला नदीपलीकडच्या रुग्णालयात व्यायामासाठी ठेवलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं, डॉक्टर स्वतः सांगत होते. पण बाई पाऊल टाकेना. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये तिला उभं केलं की दांड्या घट्ट धरायची आणि फरशीकडे बघत राहायची. ज्या दिवशी लेक आपल्या गाडीतून बापाला तिथे सोडून गेली, त्या दिवशी मिनिटसाहेब दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला हात पुढे करून उभे राहिले आणि बायको चार पावलं चालली. तेवढीच. दुसऱ्या दिवशी ते उशिरा पोचले तेव्हा एकही नाही.

"काका, तुम्ही समोर पाहिजेत," व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली. "सव्वातीन ते पावणेचार, रोज. मला तेवढाच वेळ मिळतो त्यांच्यासाठी. पुढच्या बुधवारी मोठे डॉक्टर बघणार. दहा पावलं आणि तीन पायऱ्या झाल्या तर घरी सोडतील. नाही झाल्या तर देखभाल केंद्र. मग आमच्या हातात काही नाही."

देखभाल केंद्र लेकीच्या गावात होतं, आठ तासांवर. लेकीने तिथे आईचं नाव घालूनही ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, लिफ्ट नसताना, न चालणारी आई आणि गुडघे धरून चालणारा बाप कसे राहणार, असा तिचा प्रश्न होता. छत्तीस वर्षांच्या संसारात बायको माहेरीसुद्धा कधी आठवड्याच्या वर राहिली नव्हती. ती आठ तासांवर कायमची जाणार या विचाराने मिनिटसाहेब घाबरायचे, आणि घाबरले की चिडायचे. तो त्यांचा स्वभावच.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, दोन-दहाची बस उशिरा पोचते तर आधीची पकडावी. आधीची एक-दहाला होती. दुपारी तासाला एकच चार नंबर, ही पातळ सेवाही साहेबांचीच कृपा. पण ती पकडायची म्हणजे तासभर आधी घर सोडायचं, दरवाजाशी अर्धा तास, रुग्णालयाच्या बंद फाटकाशी पुन्हा अर्धा तास नुसतं बसायचं. जन्मभर ज्याने उभी मिनिटं मारली त्याने आता स्वतःच तासभर उभं राहायचं? आणि का? कागदावर दोन-दहाची बस स्वच्छ लिहिलेली असताना? वेळापत्रक आहे ते, लॉटरीचं तिकीट नव्हे! आधी निघणं म्हणजे वेळापत्रक खोटं आहे असं कबूल करणं, आणि ते त्यांच्याच्याने होईना.

म्हणून त्यांनी बाकी सगळं करून पाहिलं. गुरुवारी शेअर रिक्षा केली. रिक्षावाला पाच माणसं बसवून सहाव्याची वाट बघत राहिला.

"निघा आता," मिनिटसाहेब म्हणाले.

"एक सीट भरली की निघालोच."

"किती वेळ लागेल?"

"ते सीटवर आहे."

सहावी सीट म्हणून आलेल्या बाईने मांडीवर शिवणयंत्र घेतलं, त्याचं चाक मिनिटसाहेबांच्या बरगडीत रुतलं. जुन्या शहरात रिक्षांना मनाई, त्यामुळे ती तटबंदीला वळसा घालून निघाली, वाटेत प्रत्येकाला त्याच्या त्याच्या बुरुजाशी सोडत राहिली आणि शेवटी साहेबांना भलत्याच दरवाजाशी उतरवून रिक्षावाला म्हणाला, इथून जवळच आहे. तीन एकेचाळीस झाले पोचायला. शनिवारी ते दरवाजापासून पायी निघाले. आतल्या गल्ल्या नकाशावर त्यांना तोंडपाठ होत्या, पण नकाशात चढ नसतो, नकाशात पायऱ्या नसतात, आणि नकाशात पस्तीस पाहुण्यांचा घोळका झेंडी घेतलेल्या वाटाड्याभोवती गल्ली अडवून उभा नसतो. "जरा बाजूला व्हा," असं ते तीनदा म्हणाले, चौथ्यांदा ओरडले, तर वाटाड्याने त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि पाहुण्यांनी त्यांचाही फोटो काढला. तीन अडतीस.

रविवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, काल आईने किती पावलं टाकली?"

"मी पोचेपर्यंत तिची वेळ संपत आली होती."

"मग तुम्ही लवकर का नाही निघत? एक-दहाची बस आहे ना?"

"दोन-दहाचीही आहे."

"बाबा!"

"अगं, ती बस पोचायलाच पाहिजे. दोष बसचा आहे, माझा नाही."

"बुधवारी बघणार आहेत आईला," लेक म्हणाली, "दोष कुणाचा ते नाही बघणार." आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी सकाळी मिनिटसाहेब तडक आपल्या जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून साहेब होऊन बसला होता. तो उठून उभा राहिला, चहा मागवला, घरचं विचारलं. मिनिटसाहेबांनी चहाला हात लावला नाही.

"चार नंबरला मोठ्या दरवाजाची तीन मिनिटं परत टाक."

"कुठली तीन मिनिटं, साहेब?"

"मी कापलेली."

तो जरा गोंधळला. मग हळू आवाजात म्हणाला, "मोजणी लागेल, साहेब. निदान एका महिन्याची. खात्याच्या माणसाने, खात्याच्या घड्याळाने केलेली. प्रवाशाच्या घड्याळातली वेळ धरायची नाही, हा नियम तुमचाच आहे."

"मी प्रवासी आहे का?"

"मग आता कोण आहात, साहेब?" त्याने हे कुचकेपणाने विचारलं नाही, खरोखरच विचारलं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. "आणि तीन मिनिटं टाकली तर दिवसाला एक बस जास्त लागते. तुम्ही वाचवली होती ती कधीच भंगारात गेली. मी दुसरी कुठून आणू?"

"मग अकराला तीन मिनिटं थांबव."

"ती उभी राहिली तर पुलावरची सात नंबर चुकेल. तुम्हीच गुंफलंय हे सगळं. एक धागा ओढला की सगळं उसवतं, असं तुम्हीच आम्हाला सांगायचात." त्याने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. "साहेब, रागावू नका. तुम्ही एक-दहाची का नाही पकडत? सगळे तेच करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"म्हणजे... सगळे."

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात तसं झालं. ते दार आपटून बाहेर पडले, जिन्यात थांबले, परत वर गेले आणि दारातूनच म्हणाले, "साखर जास्त घालतो तो चहावाला अजून." मग पुन्हा खाली उतरले. काहीतरी तर बोलायला हवं होतं.

मंगळवारी त्यांनी थेट अकरा नंबरच्या ड्रायव्हरला गाठायचं ठरवलं. तीन-दहाच्या फेरीला तो चौकात बस घेऊन आला तेव्हा त्यांनी खिडकीखाली उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा, एका ड्रायव्हरला विनंती केली. उद्या दोन चाळीसला फक्त तीन मिनिटं. बायको दवाखान्यात आहे.

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मिनिटसाहेब ना तुम्ही?"

"हो."

"मी एकदा एका आंधळ्या माणसाला रस्ता पार करून दिला होता, साहेब. दोन मिनिटं उशीर झाला होता. मेमो आला. अजून आहे माझ्याकडे." तो चिडलेला नव्हता. त्याने गिअर टाकला. "चढा. तीन-दहाची वेळ झाली."

त्या दिवशी ते तीन चाळीसला व्यायामाच्या हॉलमध्ये शिरले तेव्हा बायको दांड्यांच्या मध्ये चाकाच्या खुर्चीत बसलेली होती. व्यायाम घेणारी मुलगी वहीत काही लिहीत होती आणि तिने मान वर केली नाही.

"आलात?" बायको म्हणाली.

"बस. तो दरवाजा. तो ड्रायव्हर एक नंबरचा..."

"बरं."

"उद्या मी वेळेवर येणार. काही झालं तरी."

"कशाने येणार?"

"दोन-दहाच्याच बसने. उद्या मी आधीच पायरीवर उभा राहीन, दरवाजाच्या अलीकडेच उतरीन आणि बसच्या बाजूने पळत..."

"बरं," बायको पुन्हा म्हणाली आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

छत्तीस वर्षांत त्यांनी तिची सगळी बरं ऐकली होती. लेकीचं लग्न ठरलं तेव्हाचं, सासूबाई कायमच्या राहायला आल्या तेव्हाचं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. या बरंमध्ये काही मागणंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये ते त्या एका शब्दापाशी अडून बसले आणि घरी येऊन जेवतानाही त्याच्यापाशीच होते.

बुधवारी त्यांनी एक-दहाची बस पकडली.

थांब्यावर उभं राहताना त्यांना चोरून काही करत असल्यासारखं वाटत होतं. अपेक्षेप्रमाणे दरवाजात बस अडकली, अपेक्षेप्रमाणे एक एकेचाळीसला अकरा नंबरची पाठ दिसली. या वेळी ते पळाले नाहीत. सगळ्यांबरोबर उतरले आणि सगळ्यांबरोबर चौथऱ्यावर बसले. चष्म्यावाली बाई तिथेच होती. आठवड्यातून एकदा तिची लवकरची पाळी असे.

"आज शहाणे झालात," ती म्हणाली.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. चौदा माणसं होती. एक शिक्षक उत्तरपत्रिका तपासत होता, लाल पेन कानावर अडकवलेलं. एक पोरगी भिंतीला टेकून झोपली होती आणि तिने झोपण्याआधी हातातल्या घड्याळाचा गजर लावून ठेवला होता. एक म्हातारा दाढी करत होता, खरोखरची दाढी, खिशातल्या आरशात बघून. सगळ्यांच्या बसण्याच्या जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"हे सगळे रोज इथे अर्धा तास बसतात?"

"मग काय करतील? दोन्ही बाजूंनी तेच. सकाळी जाताना, संध्याकाळी येताना."

चौदा माणसं, एकोणतीस मिनिटं. त्यांचं डोकं आपोआप चालू झालं. एका बसमागे चारशे सहा. दिवसाच्या फेऱ्या, वर्षाचे दिवस, चोवीस वर्षं. उभ्या मिनिटांचा एवढा मोठा ढीग त्यांनी कधी बघितला नव्हता. एखादी बस जन्मभर बंद ठेवली तरी एवढी जमली नसती. तीन मिनिटं नाहीशी झाली नव्हतीच. बसमधून काढून ती माणसांच्या अंगावर टाकली होती, आणि टाकताना दसपट झाली होती.

"ते वेळापत्रक मी केलंय," ते एकदम म्हणाले.

बाईने शेंग सोलता सोलता मान वळवली. "कुठलं?"

"हेच. चार नंबरचं. मी त्या खात्यात होतो. तीन मिनिटं मी कापली."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. शिव्या येतील म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण तिला हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे," तिला बोलताच येईना, "म्हणजे तुम्ही... स्वतःच लिहून... आणि तुम्हीच रोज पळत होतात?" तिने पलीकडच्या शिक्षकाला कोपराने ढोसलं. "अहो सर, ऐकलंत का?" शिक्षक हसला, म्हातारा अर्ध्या दाढीनिशी हसला, ती पोरगी जागी झाली. कुणीही रागावलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिनिटसाहेबांना वाटलं. बाईने मूठभर सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि ते त्यांनी खाल्ले.

दोन पस्तीसला ते रुग्णालयाच्या फाटकाशी होते. फाटक तीनला उघडतं, पहारेकरी म्हणाला. पंचवीस मिनिटं ते बाकावर बसले आणि हात कसे पुढे धरायचे ते मनात ठरवत राहिले. तिच्या अंगाला लावायचे नाहीत, पण एवढे जवळ की ती कोलमडली तर सापडावी. तिसऱ्या पायरीवर तिला काय म्हणायचं तेही ठरवलं. तीनला फाटक उघडलं आणि तीन वाजून तीन मिनिटांनी ते हॉलमध्ये पोचले. हॉल रिकामा होता. मुलगी गाद्या आवरत होती.

"अरे, काका! तुम्ही आज लवकर?" तिचा चेहरा जरा पडला. "पण काकूंचं झालं की सकाळीच. त्यांनीच मोठ्या डॉक्टरांना निरोप धाडला होता, सकाळी दहाला घ्या म्हणून. बारा पावलं चालल्या. पायऱ्याही चढल्या. शनिवारी सोडणार आहेत घरी."

"मला फोन का नाही केलात?"

"त्या म्हणाल्या, करू नका."

बायको खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा स्वतःचा दिसत होता. मिनिटसाहेब खाटेशेजारी उभेच राहिले. आनंद झाला होता, आणि तरी ती आपल्याशिवाय चालली हे टोचत होतं.

"चाललीस म्हणे."

"चालले."

"कुणाकडे बघून?"

"कुणाकडे बघणार? समोर भिंत होती. तिच्याकडे बघून चालले. भिंत वेळेवर असते."

"आता एकदा चालून दाखव ना. चार पावलं. इथून दारापर्यंत."

"आज नाही. पाय भरून आलाय माझा. आजचं झालं सगळं सकाळी."

आणि मग त्यांचा स्वभाव आडवा आलाच. "अगं, आज मी एक-दहाच्या बसने आलो! अर्धा तास त्या दरवाजाशी बसलो, अर्धा तास खाली बाकावर. तासभर! नुसता बसून होतो मी, तुझ्यासाठी!"

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही, कुणी लहान मूल अंगठ्याला खरचटलं म्हणून रडतं तेव्हा बघतात तसं.

"मी बावीस वर्षं बसले," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? प्रयोगशाळा कुठे होती माझी? या रुग्णालयाच्या मागे. चार नंबर आणि मग अकरा नंबर. तुम्ही सातला चालत ऑफिसात जायचात, तुम्हाला काय कळणार मी घरातून किती वाजता निघते ते. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, त्या चौथऱ्यावर."

मिनिटसाहेब खाटेच्या कडेला बसले. "आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"घरात? त्या प्रशस्तिपत्रकाखाली बसून?" तिने पांघरुणाची घडी नीट केली. "तुमच्या ऑफिसला पत्र लिहिलं होतं. प्रयोगशाळेतल्या टायपिस्टकडून टाईप करून घेतलं, माहेरच्या नावाने. म्हटलं, बायकोचं नाही ऐकणार, प्रवाशाचं तरी ऐकतील. पंधरा दिवसांत उत्तर आलं. तक्रार तपासली, तीत तथ्य आढळत नाही. खाली तुमची सही."

वॉर्डातली औषधांची ढकलगाडी कुरकुरत त्यांच्या समोरून गेली. त्यांना ते पत्र आठवत नव्हतं. आठवण्याचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण तसली पत्रं ते दुपारच्या चहाआधी वीस-वीस निकालात काढत.

"मग काय केलंस तू?"

"काय करणार? त्याच संध्याकाळी जाऊन लोकर आणली," बायको म्हणाली आणि त्यांच्या स्वेटरचा कोपराशी उसवलेला टाका बोटाने आत सारला. "हा तुमच्या अंगातला अकरावा आहे."